शेतातलं तणनाशक, ओढ्याचं पाणी आणि नदीतले मासे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कृष्णा-पंचगंगेचा ऊसपट्टा, विदर्भ-मराठवाड्यातलं सोयाबीन आणि कोकणातली भातखाचरं समोर ठेवून ही उत्तरं लिहिली आहेत. प्रश्न शेतकऱ्यांचे, मच्छीमार संस्थांचे, ग्रामपंचायतींचे आणि नदीचे मासे खाणाऱ्यांचेही आहेत. गावात तणनाशकालाही ‘औषध’च म्हणतात. इथे आपण त्याला तणनाशक म्हणू.

तणनाशक झाडं मारण्यासाठी असतं. मग माशांचं काय बिघडतं?

दोन प्रकारांनी बिघडतं. पहिला प्रकार थेट विषबाधेचा. ब्युटाक्लोर, प्रेटिलाक्लोर, पेंडिमिथॅलिन, ऑक्सिफ्लोरफेन ही रसायनं पाण्यात अगदी थोडी मिसळली तरी माशांना झेपत नाहीत. कल्ल्यांवर परिणाम होतो, मासा कलंडतो, गोल फिरतो आणि मरतो.

दुसरा प्रकार सावकाश चालतो आणि आपल्या नद्यांत तोच जास्त महत्त्वाचा आहे. अ‍ॅट्राझिन, मेट्रिब्युझिन, डाययुरॉन ही तणनाशकं पानातलं प्रकाशसंश्लेषण बंद पाडतात. तणाचं पान आणि पाण्यातलं शेवाळ यांत त्यांना फरक कळत नाही. शेवाळ मंदावलं की दिवसा पाण्यात तयार होणारा प्राणवायू कमी होतो. शेवाळावर जगणारे सूक्ष्म प्राणी घटतात आणि त्यांच्यावर जगणारी पिल्लं उपाशी राहतात. अशा वेळी नदीकाठी मेलेला मासा दिसत नाही. पुढच्या दोन-तीन वर्षांत जाळ्यात मासळी कमी येते, तेवढंच कळतं.

अंड्यांवरचा परिणामही नोंदलेला आहे. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागाच्या शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये फॅटहेड मिनो या छोट्या माशाला ३० दिवस लिटरला ०.५, ५ आणि ५० मायक्रोग्रॅम अ‍ॅट्राझिनमध्ये ठेवलं. तिन्ही गटांत अंड्यांची संख्या १९ ते ३९ टक्क्यांनी कमी भरली. प्रौढ मासे मात्र जिवंत होते.

शेतात मारलेलं नदीपर्यंत पोचतं तरी किती?

टक्क्यांत बघितलं तर थोडं. जमिनीवर फवारलेल्या पावडर स्वरूपातल्या तणनाशकापैकी साधारण २ टक्के वाहून जातं, आणि उतार जास्त असेल तर ५ टक्क्यांपर्यंत. पण २ टक्के म्हणजे नेमकं काय, ते हिशेबाने बघा.

एका हेक्टरवर १ किलो मूळ अ‍ॅट्राझिन पडलं. ५० टक्के पावडरीचा विचार केला तर ही २ किलो पुडी झाली. त्यातलं २ टक्के म्हणजे २० ग्रॅम. फवारणीनंतर जोराचा पाऊस झाला आणि शेतातून २५ मिलिमीटर पाणी वाहून गेलं, तर ते अडीच लाख लिटर होतं. २० ग्रॅम त्यात विरघळले की बांधावरून पडणाऱ्या पाण्यात लिटरला ८० मायक्रोग्रॅम अ‍ॅट्राझिन असतं. हिरव्या शेवाळाची वाढ निम्म्यावर आणायला प्रयोगशाळेत साधारण ४० ते ६० मायक्रोग्रॅम पुरतात. म्हणजे शेताच्या तोंडाशी ओढ्यातलं शेवाळ अडचणीत येतंच.

भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात अ‍ॅट्राझिनची मर्यादा लिटरला २ मायक्रोग्रॅम आहे. त्या २० ग्रॅमला या पातळीवर आणायला १ कोटी लिटर स्वच्छ पाणी लागतं, आणि हे झालं एका हेक्टरचं. मोठी नदी भरून वाहत असेल तर ती हे पचवते. ओढा पचवू शकत नाही. माशांच्या पिल्लांची वाढ बहुतेक वेळा ओढ्यातच होते, म्हणून नदीच्या मुख्य प्रवाहात एकदा नमुना घेऊन ‘काही सापडलं नाही’ असा निष्कर्ष काढणं फसवं आहे.

सगळ्यात धोक्याचा काळ कोणता?

मृगापासून पुढचे पाच-सहा आठवडे.

मृगाचा पाऊस झाला, वापसा आला की पेरणी होते. पेरणीनंतर दोन-तीन दिवसांत उगवणपूर्व तणनाशक मारलं जातं, सोयाबीनमध्ये १५ ते २० दिवसांनी उगवणीनंतरचं. नेमकी याच दिवसांत नदीतली मासळी चढणीला लागते. गढूळ पाणी आलं की मासे प्रवाहाविरुद्ध ओढ्यात, खाचरात, बुडालेल्या गवतात शिरतात आणि तिथे अंडी घालतात. देशावर आपण यांना चढणीचे मासे म्हणतो, कोकणात वलगणीचे. रोहू, कटला, मृगळ यांची अंडी १४ ते २० तासांत फुटतात आणि पुढचे काही दिवस पिल्लू इतकं नाजूक असतं की प्रौढ माशाला सहज सोसणारं पाणीही त्याला भारी पडतं.

फवारणीनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांतला पहिला मोठा पाऊस त्या हंगामातलं बरंचसं तणनाशक वाहून नेतो. पुढच्या पावसात प्रमाण झपाट्याने उतरतं. म्हणजे सर्वांत कडक पाणी आणि सर्वांत कोवळे मासे एकाच ओढ्यात, एकाच आठवड्यात येतात. अंड्यांवरच्या माशांना संरक्षण म्हणून समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. नदीतली मासळी त्याच सुमारास अंडी घालते, आणि आपण त्याच सुमारास फवारतो.

काळ्या जमिनीत आणखी एक गोष्ट आहे. उन्हाळ्यात पडलेल्या भेगा पहिलं पाणी गिळतात, त्यामुळे सुरुवातीच्या सरींना ओढा कोरडाच असतो. भेगा मिटल्या, माती फुगली की पाणी मुरायचं जवळपास थांबतं आणि पडेल तेवढं वाहू लागतं. फवारणी बरोबर या वळणावर येते.

कुठलं तणनाशक माशांना जास्त घातक?

खालचे आकडे ९६ तासांत निम्मे मासे मरतील अशा प्रमाणाचे आहेत. माशाची जात, पाण्याचं तापमान आणि सामू (पीएच) यांप्रमाणे ते बदलतात. क्रम मात्र सहसा असाच राहतो.

पेंडिमिथॅलिन आणि ऑक्सिफ्लोरफेन लिटरला साधारण ०.१ ते ०.२ मिलिग्रॅमवर मारतात. ब्युटाक्लोर साधारण ०.३ ते ०.५ वर, प्रेटिलाक्लोर ०.९ च्या आसपास. अ‍ॅट्राझिनला ४ ते १० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त लागतं, म्हणजे अ‍ॅट्राझिनने मोठे मासे थेट मरणं जवळपास अशक्य. त्याचं नुकसान शेवाळातून आणि अंड्यांतून होतं. इमॅझेथापायर आणि मेट्रिब्युझिन माशांना थेट फारसे विषारी नाहीत. पण मेट्रिब्युझिन पाण्यात लिटरला एक ग्रॅमहून जास्त विरघळतं, त्यामुळे सहज वाहतं आणि शेवाळाला अ‍ॅट्राझिनइतकंच झोंबतं.

२,४-डी मध्ये डबीवरचं पूर्ण नाव वाचा. सोडियम सॉल्ट किंवा अमाइन सॉल्ट असेल तर माशांना धोका बराच कमी, लिटरला १०० मिलिग्रॅमच्या पुढे. इथाइल एस्टर असेल तर तोच मूळ घटक लिटरला एखाद्या मिलिग्रॅमच्या आसपास मासे मारू शकतो. ओढ्याकाठच्या शेतात एस्टर वापरू नका.

ग्लायफोसेटची गोष्टही अशीच. मूळ रसायन माशांना त्या मानाने सौम्य आहे. काही उत्पादनांत ते पानाला चिकटावं म्हणून घातलेला पीओईए हा साबणासारखा पदार्थ लिटरला एक-दोन मिलिग्रॅमवरच कल्ले खराब करतो.

डब्यावर निळा किंवा हिरवा त्रिकोण आहे. म्हणजे माशांना सुरक्षित ना?

नाही. हा गैरसमज फार ठिकाणी आढळतो. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग तोंडावाटे पोटात गेल्यास माणसासाठी (खरं तर प्रयोगातल्या उंदरासाठी) किती विषारी, एवढंच सांगतात. निळा म्हणजे किलोमागे ५०१ ते ५००० मिलिग्रॅम, हिरवा त्याहून जास्त. ब्युटाक्लोर आणि पेंडिमिथॅलिन यांचा रंग लाल नसतो, तरी मासे मारण्यात ती वरच्या रांगेत आहेत. रंग सोडा आणि आतल्या घडीपत्रकात ‘मासे व जलचर’ असा शब्द कुठे येतो ते शोधा.

आमच्या नदीत मासे मेले. तणनाशकच असेल का?

बहुतेक वेळा नसतं. उन्हाळ्यात धार आटलेली असताना मासे तरंगले तर आधी प्राणवायू तपासा. सांडपाणी, कारखान्याची मळी, कुजलेली जलपर्णी यांतलं काहीतरी निघण्याची शक्यता जास्त. पावसाळ्याच्या तोंडावर मेले तर तणनाशक किंवा कीटकनाशक यादीत वर घ्या. ओळखण्याच्या काही खुणा अशा:

प्राणवायू संपल्याने मरतूक होते ती पहाटे, आणि मोठे मासे आधी जातात. मेलेल्या माशाचं तोंड उघडं आणि कल्ले फाकलेले असतात. मरळ, शिंगी यांसारखे हवेतून श्वास घेणारे मासे मात्र वाचतात. विषाने होते ती दिवसाच्या कुठल्याही वेळी. लहान मासे आणि पिल्लं आधी जातात आणि मरळही सुटत नाही. मरळ मेलेली दिसली तर ‘प्राणवायू कमी पडला’ एवढ्यावर चौकशी थांबवू देऊ नका.

झिंगे, खेकडे आणि पाणकिडे मासे मरण्याआधीच मेले असतील तर संशय कीटकनाशकावर घ्या. एकाच डोहात सगळं मेलं आणि वर-खाली ओढा ठीक असेल, तर कुणीतरी मासे पकडायला विष टाकलं असण्याची शक्यता मोठी. पूर्वी यासाठी गेळाची फळं कुटून टाकत. आता दुकानातलं कीटकनाशक सोपं वाटतं, आणि त्याने मारलेले मासे बाजारातही येतात. हा प्रकार शेतातल्या वाहत्या पाण्यापेक्षा कितीतरी भयानक आहे, तरी त्याबद्दल बोललं जात नाही.

आणि बाटली सांडल्याची घटना. ३० मीटर लांब, २० मीटर रुंद, सरासरी २ मीटर खोल डोहात १२ लाख लिटर पाणी असतं. ब्युटाक्लोर ५० टक्के ईसीची (पाण्यात मिसळायच्या तेलकट द्रावणाची) एक लिटरची बाटली त्यात गेली तर लिटरला ०.४ मिलिग्रॅमचं पाणी तयार होतं. डोहातले कार्प मासे मरायला ते पुरतं.

नमुना कसा घ्यायचा? प्रयोगशाळेत गेलं की ‘काही आढळलं नाही’ येतं.

असा अहवाल येण्याची कारणं ठरलेली आहेत. पाणी उशिरा घेतलं, चुकीच्या बाटलीत घेतलं किंवा चुकीची चाचणी मागितली.

वेळ महत्त्वाची. ओढा फुगत असतानाचं पाणी घ्या. उतरत्या पाण्यात तणनाशक विरळ झालेलं असतं. दुसऱ्या दिवशी निवांत गेलात तर जवळपास पाऊसच तपासून आणाल.

तीन जागा ठरवा: संशयित ठिकाणाच्या सुमारे ५०० मीटर वर, त्या ठिकाणी आणि तेवढंच खाली. प्रत्येक जागी तपकिरी काचेची एक लिटरची बाटली घ्या, प्रयोगशाळेकडून धुऊन मिळालेली असली तर उत्तम. पृष्ठभागाखाली वीतभर खोलीवर प्रवाहाकडे तोंड करून गळ्यापर्यंत भरा आणि आत हवा ठेवू नका. साधी प्लास्टिकची बाटली वापरली तर पेंडिमिथॅलिनसारखी तेलात मुरणारी रसायनं भिंतीला चिकटतात आणि पाण्यात दिसत नाहीत. ग्लायफोसेट मात्र उलट आहे. ते काचेला चिकटू शकतं, म्हणून त्यासाठी पॉलिप्रॉपिलिनची वेगळी बाटली. बाटल्या बर्फात, अंधारात ठेवा आणि २४ ते ४८ तासांत पोचवा.

मागणीपत्रावर तणनाशकांची नावं लिहा. नुसतं ‘कीटकनाशक अवशेष’ लिहिलं तर प्रयोगशाळा तिच्या ठरलेल्या यादीनुसार तपासते. त्या यादीत बरेचदा क्लोरपायरिफॉस, डीडीटी असतात आणि इमॅझेथापायर नसतं. ग्लायफोसेट नेहमीच्या यादीत सहसा नसतंच, त्याची पद्धत वेगळी आणि पैसेही वेगळे. आधी विचारा: तुमची मोजमापाची खालची मर्यादा किती? अ‍ॅट्राझिनसाठी लिटरला ०.१ मायक्रोग्रॅमपर्यंत मोजू शकत नसतील तर एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता असलेली दुसरी प्रयोगशाळा बघा.

मासे घेताना तडफडणारे किंवा नुकते मेलेले घ्या, कल्ले अजून लाल असलेले. फुगलेला मासा काहीच सांगत नाही. प्रत्येक मासा अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ कागदात गुंडाळून उणे २० अंशांवर गोठवा. दोन-तीन माशांचे कल्ले आणि यकृत १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये वेगळे ठेवा. मेंदूतल्या अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज या विकराची तपासणीही मागा. ते खूप घटलेलं असेल तर दोष ऑर्गनोफॉस्फरस किंवा कार्बामेट कीटकनाशकाचा, तणनाशकाचा नाही. ही एक तपासणी अनेक भांडणं मिटवते.

जागेवरच तापमान, सामू आणि विरघळलेला प्राणवायू मोजून वेळेसह लिहा. मत्स्यजीवनासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘ड’ वर्गात प्राणवायू लिटरला ४ मिलिग्रॅम किंवा जास्त हवा. ही नोंद नसेल तर नंतर कुणीही ‘प्राणवायूच कमी होता’ म्हणून हात झटकू शकतो.

तक्रार कुणाकडे?

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं उपप्रादेशिक कार्यालय, जिल्ह्याचे मत्स्यव्यवसाय सहायक आयुक्त आणि तालुका कृषी कार्यालय या तिन्हींकडे एकाच दिवशी लेखी द्या आणि पोच घ्या. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ च्या कलम २४ प्रमाणे प्रवाहात विषारी पदार्थ जाणूनबुजून टाकायला मनाई आहे. मंडळाचा माणूस येण्याआधी तुम्ही घेतलेला नमुना कायद्याने पुरावा ठरेलच असं नाही, पण काय शोधायचं ते त्यावरून ठरतं. म्हणून वाट बघत बसू नका.

अहवालातला आकडा कसा वाचायचा?

आधी एकक बघा. मायक्रोग्रॅम आणि मिलिग्रॅम यांत हजारपटीचा फरक आहे आणि बातम्यांत तो हमखास चुकतो.

पिण्याच्या पाण्यासाठी आयएस १०५०० मध्ये लिटरला अ‍ॅट्राझिन २, आयसोप्रोट्युरॉन ९, अ‍ॅलाक्लोर २०, २,४-डी ३० आणि ब्युटाक्लोर १२५ मायक्रोग्रॅम अशा मर्यादा आहेत. युरोपीय संघात कुठल्याही एका कीडनाशकाला (यात कीटकनाशक, तणनाशक सगळी आली) ०.१ आणि सगळे मिळून ०.५ एवढीच मुभा. दुसरीकडे जागतिक आरोग्य संघटनेचं अ‍ॅट्राझिन व त्याच्या जवळच्या विघटित रूपांसाठीचं मार्गदर्शक मूल्य १०० आहे. युरोपचा आकडा ‘पाण्यात असायलाच नको’ या धोरणातून आला आहे आणि संघटनेचा माणसाच्या आरोग्याच्या हिशेबातून, म्हणून इतकी तफावत.

यातला एकही आकडा माशांसाठी ठरवलेला नाही. ब्युटाक्लोरचं १०० मायक्रोग्रॅम प्रमाण पिण्याच्या मानकात बसतं आणि पिल्लांच्या दृष्टीने धोक्याच्या अगदी जवळ असतं. ‘मानकात आहे’ हे उत्तर मच्छीमारांनी मान्य करू नये.

नदीचे मासे खावेत का?

मेलेला किंवा सुस्त तरंगणारा मासा उचलून खाऊ नये, विकू नये. याला अपवाद नाही.

निरोगी, जिवंत पकडलेल्या माशाबद्दल घाबरण्याचं कारण त्या मानाने कमी. अ‍ॅट्राझिन, २,४-डी, ग्लायफोसेट ही माशाच्या अंगात फारशी साठत नाहीत, स्वच्छ पाण्यात काही दिवसांत बाहेर पडतात. पेंडिमिथॅलिन मात्र चरबीत मुरतं. पाण्यातल्या प्रमाणाच्या काही हजारपट ते माशात सापडू शकतं. ऑक्सिफ्लोरफेनही चरबीकडे ओढ घेणारं. म्हणून पेरणीनंतरच्या महिन्यात शेतातल्या ओढ्यातले मासे खाणार असाल तर यकृत, आतडी, पोटाकडची चरबी आणि कातडी काढून टाका. डोक्याचं कालवण प्रिय असलं तरी त्या महिन्यापुरतं कल्ले काढून करा. तळल्याने किंवा उकळल्याने रसायन नाहीसं होत नाही, चरबीबरोबर थोडं बाहेर येतं एवढंच.

विक्रीसाठी लक्षात ठेवा: ज्या कीडनाशकाची मर्यादा वेगळी ठरवलेली नाही, तिथे अन्नसुरक्षा प्राधिकरण किलोला ०.०१ मिलिग्रॅम धरतं.

गावच्या नळाला नदीचं पाणी आहे. तुरटी, क्लोरीन, उकळणं यांनी जातं का?

नाही. अ‍ॅट्राझिन या तिन्हींतून जवळपास तसंच पार होतं. सक्रिय कोळसा किंवा आरओ लागतो. ग्रामपंचायतीला वर्षभर कोळसा परवडत नसेल तर जून-जुलैत ओढा फुगल्यानंतरचे पहिले दोन-तीन दिवस उपसा थांबवून साठवलेलं पाणी द्यावं. खर्चाच्या मानाने हा उपाय चांगला.

उसात तण तर मारावंच लागतं. मग काय बदलू?

चार गोष्टी बदलल्या तर बराच फरक पडतो.

पट्ट्यात मारा. सरी पाच फुटांची, म्हणजे १५० सेंटिमीटर असेल तर उसाच्या ओळीवर फक्त ५० सेंटिमीटरचा पट्टा फवारा आणि मधली जागा पॉवर टिलर किंवा कोळप्याने काढा. तणनाशक एक तृतीयांशावर येतं. लेबलवरचं प्रमाण फवारलेल्या क्षेत्राला असतं, त्यामुळे पट्ट्यात घट्ट द्रावण मारायची गरज नाही. ‘पंपाला एक डबी जास्त’ ही सवय नेमकी इथे आड येते.

खोडव्यात पाचट जाळू नका, सरीत पसरा. तण दबतं, पावसाचा मार मातीवर बसत नाही आणि वाहणारं पाणी अडतं. पाचटावर उगवणपूर्व तणनाशक मारणं मात्र पैसे घालवणं आहे. ते मातीपर्यंत पोचतच नाही.

आडसालीची लागण जुलै-ऑगस्टमध्ये येते आणि फवारणी भर पावसात. उगवणपूर्व तणनाशकाला ओल हवी असते, पूर नको असतो. १० ते १५ मिलिमीटर हलकं पाणी मिळालं तर ते मातीच्या वरच्या थरात बसतं, ५० मिलिमीटर आलं तर ओढ्यात जातं. पुढच्या ४८ तासांत जोराच्या पावसाचा अंदाज असेल तर थांबा. तुषार संच असेल तर उघाडीत फवारून स्वतःच हलकं पाणी द्या. सुरू हंगामाच्या (हिवाळ्यात लावलेल्या) उसात पावसाची भीती नसते, पण पाटाने भरपूर पाणी सोडून ते सरीच्या शेवटाकडून ओढ्यात पडत असेल तर परिणाम तोच. फवारणीनंतरच्या पहिल्या पाळीला सरीचं तोंड बांधा.

नोझल बदला. तणनाशकाला फ्लॅट फॅन किंवा फ्लड जेट. कीटकनाशकाच्या पोकळ शंकूच्या नोझलने बारीक धुकं होतं आणि वाऱ्याने काठावर, पाण्यावर जातं.

कोल्हापूर-सांगलीकडच्या पूरपट्ट्यात आणखी एक काळजी घ्या. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं ती खूण घरोघरी आहे. उरलेल्या बाटल्या त्या खुणेच्या वर ठेवा.

भातखाचरात पाणी सोडायचं कधी?

लावणीनंतर ३ ते ५ दिवसांत ब्युटाक्लोर किंवा प्रेटिलाक्लोर टाकताना खाचरात दोन-तीन सेंटिमीटर पाणी असू द्या, बांधाचं तोंड बंद करा आणि किमान सात दिवस उघडू नका. जपानमध्ये भाताच्या तणनाशकांसाठी सात दिवस पाणी धरण्याचा नियम आहे.

पाणी धरल्याने किती फरक पडतो याचं चांगलं उदाहरण कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो खोऱ्यात आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे भातशेतीचा निचरा वाहणाऱ्या कोलुसा कालव्यात मोलिनेट या तणनाशकाने कार्प मासे मोठ्या प्रमाणात मेले. थायोबेनकार्बमुळे सॅक्रामेंटो शहराच्या नळाच्या पाण्याला कडवट चव येऊ लागली. तिथे तणनाशकावर बंदी घातली नाही, खाचरात पाणी धरण्याचे दिवस टप्प्याटप्प्याने वाढवत जवळपास चार आठवड्यांवर नेले. नदीत जाणारं प्रमाण ९० टक्क्यांहून जास्त घटलं आणि मरतूक थांबली.

कोकणात अडचण पावसाची आहे. सात दिवस कोरडे मिळत नाहीत, आणि पाणी वरच्या खाचरातून खालच्यात उतरत जातं. म्हणून बांध पाण्याच्या पातळीपेक्षा १० ते १५ सेंटिमीटर उंच हवा आणि खेकड्यांची बिळं आधी बुजवलेली हवीत. ओढ्याला लागून असलेल्या शेवटच्या खाचरात तणनाशक टाकूच नका, तिथे हाताने बेणा. वरच्या खाचरांतून उतरलेलं पाणी त्या एका खाचरात थांबलं तरी पुष्कळ काम होतं.

पंप ओढ्यावर धुतला तर एवढ्याशाने काय होतं?

हेक्टरी १ किलो मूळ घटक ५०० लिटर पाण्यात म्हणजे द्रावणात लिटरला २ ग्रॅम. पंपात तळाशी पाव लिटर उरतं, म्हणजे अर्धा ग्रॅम. लिटरला २ मायक्रोग्रॅमच्या पातळीवर आणायला त्यालाही अडीच लाख लिटर पाणी लागतं. उन्हाळी ओढ्याच्या एखाद्या डबक्यात तेवढं नसतंच. गावातले वीस पंप एकाच पाणवठ्यावर धुतले जातात ते वेगळं.

शेतातच तीन लिटर पाणी घालून हलवा आणि तेच पाणी फवारलेल्या क्षेत्रावर फवारा. असं तीनदा. प्रत्येक वेळी प्रमाण तेराव्या हिश्श्यावर येतं, तीन वेळांत दोन हजारांश. एकदम नऊ लिटरने एकदाच धुतलं तर केवळ सदतिसावा हिस्सा. पाणी तेवढंच, फरक साठपटीचा. बाटलीही अशीच पाव भरून अर्धा मिनिट हलवून तीनदा पंपात ओता, मग तिला भोक पाडा. न पाडलेली बाटली कुणाच्या तरी घरी रॉकेलची नाही तर तेलाची होते.

काठाला गवताचा पट्टा लावला तर पुरेल?

पाणी पट्ट्यावरून पातळ पसरून गेलं तर पाच ते दहा मीटरचा पट्टा मोठं काम करतो. वाळा, मारवेल, पवना, काहीही चालेल. पण बहुतेक शेतांत पाणी पसरत नाही, एका कोपऱ्यात गोळा होऊन चर पाडून पट्ट्याला भेदून जातं. तो चर तसाच राहिला तर पट्टा फक्त शोभेचा. चराच्या तोंडाशी दगड रचून पाणी आधी फाकवा.

मातीला चिकटून जाणाऱ्या पेंडिमिथॅलिन, ग्लायफोसेट, पॅराक्वाट यांना पट्टा चांगला अडवतो. विरघळून जाणाऱ्या मेट्रिब्युझिनला, अ‍ॅट्राझिनला कमी.

नदीतली जलपर्णी तणनाशकाने मारली तर?

जलपर्णी मरेल आणि मागोमाग मासेही, पण ते तणनाशकाने असेलच असं नाही. मेलेली जलपर्णी बुडून कुजते आणि पाण्यातला प्राणवायू ओढून घेते. पवना, मुळा, इंद्रायणी यांसारख्या आधीच सांडपाण्याने दमलेल्या नद्यांत तर राखीव प्राणवायू उरलेलाच नसतो. यंत्राने किंवा माणसं लावून बाहेर काढा आणि काठापासून लांब टाका. बंद तळ्यात फवारणी करणं भागच असेल तर एका वेळी पाव क्षेत्र आणि मध्ये दोन-तीन आठवडे.

यातली बंद झालेली कुठली?

अ‍ॅलाक्लोर ३१ डिसेंबर २०२० पासून बंद आहे. मे २०२० मध्ये केंद्राने २७ कीडनाशकांवर बंदीचा मसुदा काढला होता. त्यात अ‍ॅट्राझिन, ब्युटाक्लोर, २,४-डी, डाययुरॉन, ऑक्सिफ्लोरफेन, पेंडिमिथॅलिन ही तणनाशकं होती. २०२३ च्या आदेशात पूर्ण बंदी आली ती डायकोफॉल, डिनोकॅप आणि मेथोमिल या तिघांवर, आणि ती तिन्ही तणनाशकं नाहीत. ग्लायफोसेटची नोंदणी चहाचे मळे आणि बिगरपीक जागा यांपुरती होती. ऑक्टोबर २०२२ च्या अधिसूचनेने त्याचा वापर कीड नियंत्रण व्यावसायिकांपुरता ठेवला. तणनाशक सहन करणाऱ्या कापसाच्या बियाण्याला भारतात मान्यता नाही, तरी ते विकलं जातं आणि त्याच्याबरोबर ग्लायफोसेटचा खपही होतो. त्या फवारणीची नोंद कुठेच होत नाही, त्यामुळे ओढ्यात काय शोधायचं हेही कुणी सांगत नाही.

शेततळ्यात ओढ्याचं पाणी घेतो. मत्स्यबीज कधी सोडावं?

पेरणीनंतरचे पहिले दोन मोठे पाऊस ओढ्याने वाहू द्या, मग तळं भरा. भरल्यावर लगेच बीज सोडू नका. तळ्यात एक मीटर लांब-रुंद-खोल जाळीचा हापा बांधा, त्यात दहा बोटुकली (बोटभर लांबीची पिल्लं) सोडा आणि ४८ तास बघा. पहाटे एकदा आणि दुपारी एकदा. एखाद-दुसरं मेलं तर ते वाहतुकीचा ताण असू शकतं. तीन किंवा जास्त मेली, किंवा जिवंत असूनही कलंडून पोहत असतील, तर आठवडाभर थांबून नव्या बोटुकलींवर पुन्हा हाच प्रयोग करा. पाणी हिरवट होण्याऐवजी शेण-खत घालूनही स्वच्छ, नितळ राहिलं असेल तर शेवाळ मारणारं तणनाशक आत आलं आहे असं समजा. अशा पाण्यात बोटुकली मरणार नाहीत, पण वाढणारही नाहीत. खताचा डोस वाढवून उपयोग नाही. निम्मं पाणी शेतात उपसून विहिरीचं पाणी घाला, आणि काचेच्या पांढऱ्या ग्लासात पाणी धरून हिरवट झाक दिसेपर्यंत बीज मागवू नका.